कवटीला भोक पाडण्यापासून तासाभराच्या रिपोर्टपर्यंत

तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे फोड, कांजिण्या, उतारवयात अंगावर पट्ट्यासारखी उमटणारी नागीण ही सगळी एकाच कुटुंबातल्या विषाणूंची करणी. 'हर्पिस' हे नाव ग्रीकमधल्या सरपटण्याच्या क्रियापदावरून आलं. मराठीने त्यातल्याच एका आजाराला नागीण म्हणावं, याची मला कायम गंमत वाटते. या कुटुंबातले आठ विषाणू माणसाच्या अंगात कायमचे मुक्काम ठोकतात. एकदा शिरले की जन्मभर राहतात, बहुतेक काळ झोपून. म्हणून रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी फारशी कामाची नसते. 'कधीतरी संसर्ग झाला होता' एवढंच ती सांगते आणि तसा तो बहुतेक प्रौढांना झालेला असतोच.

कातडीवरच्या फोडांचं निदान पूर्वी नजरेनेच व्हायचं. 1947 मध्ये आर्नो झँक यांनी एक सोपी युक्ती रूढ केली. फोड उघडायचा, त्याच्या तळाशी खरवडायचं, काचेवर पसरून रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकं असलेल्या अवाढव्य पेशी शोधायच्या. काही मिनिटांत उत्तर मिळे, पण साधा हर्पिस (ओठावरच्या फोडांचा) की नागीण, हे त्यातून कळत नसे. खात्री हवी असेल तर विषाणू पेशींवर वाढवावा लागे आणि त्यासाठी कित्येक दिवस थांबावं लागे. फोडांसाठी तेवढं थांबणं परवडायचं.

मेंदूच्या बाबतीत ते परवडत नव्हतं. साध्या हर्पिसचा विषाणू मेंदूत शिरला की ताप, असंबद्ध बोलणं, झटके, बेशुद्धी अशी झपाट्याने घसरण सुरू होते. मेंदूभोवती असणारं पाणी पाठीच्या कण्यातून सुईने काढता येतं, पण त्यात मोठ्या माणसांमध्ये हा विषाणू जवळजवळ कधीच वाढत नसे. मग खात्रीचा मार्ग एकच उरायचा: कवटीला भोक पाडून मेंदूचा तुकडा तपासायला काढणं, म्हणजे बायोप्सी.

आज हे ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागे हिशेब होता. 1977 मध्ये रिचर्ड व्हिटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडाराबिन या औषधाचे निकाल प्रसिद्ध केले. बायोप्सीने निदान पक्कं झालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 70 टक्क्यांवरून 28 टक्क्यांवर आलं होतं. औषध विषारी होतं, ते नुसत्या संशयावर देणं अवघड. शिवाय संशय चुकायचाही फार. पुढे 432 बायोप्सींचा आढावा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत हर्पिस निघालाच नाही. काहींना तर उपचार होऊ शकेल असा वेगळाच आजार होता.

असायक्लोव्हिर या दुसऱ्या औषधाने ही गणितं बदलली. 1986 मध्ये दोन्ही औषधांची तुलना प्रसिद्ध झाली: व्हिडाराबिन घेणाऱ्यांपैकी 54 टक्के दगावले, असायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी 28 टक्के. औषध बरंच सुरक्षित असल्याने संशय येताच सुरू करता येऊ लागलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण झटपट चाचण्यांच्या जाहिरातींत ती हरवते. या औषधाची पहिली सलाईन लावायला रिपोर्टची वाट कोणी पाहत नाही, पाहूही नये. रिपोर्ट लागतो तो औषध थांबवायला. पूर्ण कोर्स दोन ते तीन आठवडे शिरेतून चालतो आणि औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकू शकतात. गरज नसताना तो चालवणं म्हणजे रुग्णाला फुकट खाटेला बांधून ठेवणं.

डीएनएच्या असंख्य प्रती काढणारं पीसीआर तंत्र कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचलं. 1990 मध्ये पाठीतल्या पाण्यात हर्पिसचा डीएनए या तंत्राने सापडल्याचं प्रसिद्ध झालं. 1995 मध्ये ही चाचणी बायोप्सीशी ताडून पाहिली गेली: आजार असलेल्यांपैकी 98 टक्के तिने ओळखले, नसलेल्यांपैकी 94 टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हटलं. कवटी उघडण्याचं मुख्य कारणच संपलं.

तरी ती चाचणी झटपट नव्हती. डीएनए वेगळा करा, प्रती काढा, मग नळी उघडून जेलवर तपासा. नळी उघडली की त्या कोट्यवधी प्रती हवेत उडून दुसऱ्याच्या नमुन्यात पडायची भीती, म्हणून कामाच्या खोल्याही वेगळ्या. रिअल-टाइम पीसीआरने हा प्रश्न सोडवला. प्रती वाढतील तशी चकाकी वाढते, यंत्र ती बाहेरूनच मोजतं आणि नळी बंदच राहते. 2014 मध्ये अमेरिकेत डीएनए वेगळा न करता थेट पाठीतल्या पाण्यावर करायच्या चाचणीला मंजुरी मिळाली. 2015 मध्ये फिल्मअ‍ॅरे पॅनल आलं: 200 मायक्रोलीटर पाणी, बंद पाऊच, तासाभरात 14 जंतूंचा शोध. त्यात हर्पिस कुटुंबातलेच पाच.

त्या पाचांतला 'मानवी हर्पिसविषाणू-6' नावाचा एक मोठा फसवा. साधारण 1 टक्का माणसांत त्याचा डीएनए आईवडिलांकडूनच गुणसूत्रात आलेला असतो. अशा माणसाचा रिपोर्ट कधीही पॉझिटिव्ह येईल, आजार कुठलाही असो.

खरी पंचाईत मात्र 'निगेटिव्ह'ची, म्हणजे ज्या उत्तरावर औषध थांबवायचं त्याचीच. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पाण्यात विषाणू इतका कमी असू शकतो की चाचणीला तो दिसत नाही. सुई टोचताना पाण्यात रक्त मिसळलं तर त्यातलं हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) प्रती काढण्याच्या क्रियेलाच अडवू शकतं. म्हणून 2008 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की लक्षणं जुळत असतील किंवा एमआरआयमध्ये कानशिलामागचा भाग बिघडलेला दिसत असेल, तर 3 ते 7 दिवसांनी पुन्हा पाणी काढून तपासावं. तोवर असायक्लोव्हिर चालूच ठेवतात, यंत्राने तासाभरात 'नाही' म्हटलेलं असलं तरी.