अधांतरी थांबण्यासाठी लागणारी शक्ती
डोंगरात कोणी अडकल्याच्या बातमीत 'खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही' हे वाक्य हमखास असते आणि ते वाचताना आपल्या डोळ्यांसमोर धुके नि पाऊसच येतो. समोरचे दिसत नसेल तर जाता येत नाही, हे खरेच; परंतु आकाश निरभ्र असतानाही सुटका अशक्य ठरू शकते.

अधांतरी स्थिर असलेले हेलिकॉप्टर खरे तर सतत हवा खाली ढकलत असते. हवा विरळ झाली की तेवढेच वजन पेलण्यासाठी ती अधिक वेगाने ढकलावी लागते, आणि त्यासाठीची किमान शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. सुमारे ६,००० मीटरवर घनता समुद्रसपाटीच्या ५४ टक्केच उरते, म्हणजे शक्ती सुमारे ३६ टक्के जास्त हवी. आणि नेमके तिथेच इंजिनालाही हवा अपुरी पडते. उन्हाने तापलेली हवा आणखी विरळ असते. दमट हवा आपण 'जड' म्हणतो, पण पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका असल्यामुळे ती कोरड्या हवेहून हलकीच असते.

सपाट जमिनीलगत खाली जाणारा झोत अडतो आणि थोडी शक्ती वाचते. कड्यावर दोर सोडून थांबताना ही सवलत मिळत नाही.

मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर जवळपास ६,००० मीटरवरून नेपाळी लष्कराचे वैमानिक मदन खत्री छेत्री यांनी हिमदंश झालेल्या दोघांना एकेक करून, दोन फेऱ्यांत खाली आणले. अशा सुटकेला 'चमत्कार' म्हणून आपण वैमानिकाच्या हिशेबावरच अन्याय करतो. लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने बदलते, त्यामुळे वजन दहा टक्के घटले तर शक्ती सुमारे पंधरा टक्के कमी लागते. दुसरी फेरी म्हणजे धोक्यात पुन्हा शिरणे, पण प्रत्येक फेरीत हाताशी शिल्लक शक्ती राहते.

वाऱ्याचे गणित याहून अवघड आहे. समोरून येणारा स्थिर वारा पात्यांना मदतच करतो. तोच वारा धार ओलांडून वातविन्मुख बाजूला खाली कोसळतो, आणि थंडीने गारठलेला गिर्यारोहक आडोसा म्हणून बहुधा तिथेच बसलेला असतो.

मग जायचे की थांबायचे? जखमी किती गंभीर आहे यापेक्षा, पहाटेपर्यंत थांबल्याने त्याची जगण्याची शक्यता किती घटेल, हे विचारावे लागते. पाय मोडलेला पण तंबूत उबेत असलेला माणूस रात्र काढू शकतो. आतून रक्तस्राव होणारा कदाचित नाही. काही हवाई रुग्णसेवांमध्ये उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत रुग्ण कोण, लहान मूल की वृद्ध, हे वैमानिकाला मुद्दाम सांगत नाहीत, कारण दयेपोटी हवामान बरे दिसू लागते.

एवढे करून निघाल्यावरही वैमानिक आधी कड्याजवळून एक संथ फेरी मारतो, शक्ती किती खर्च होते ते काट्यावर पाहतो, आणि उताराकडे निसटायची वाट मोकळी ठेवूनच पुढे सरकतो; काटा मर्यादेला टेकला तर खालचा माणूस हात हलवत असतानाही तो त्या वाटेने वळतो.