खलाशांची भुतं कागदावर कशी आली

समुद्री समजुतींवरची स्क्रीन प्रिंट्स नवी दिसली, तरी त्यांचं मूळ लाकडी ठशांत आहे. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूचा 'कार्टा मरीना' हा उत्तर युरोपाचा नकाशा १५३९ साली व्हेनिसमध्ये नऊ ठशांवरून छापला गेला. त्यात जहाजाला विळखा घातलेला अजस्र साप आहे. त्याहून मला आवडतात ते देवमाशाला बेट समजून त्याच्या पाठीवर नांगर टाकून चूल पेटवणारे खलाशी! तोंडी फिरणाऱ्या गोष्टीला एकदा छापील रूप मिळालं की पुढचे चित्रकार तेच गिरवत जातात. नॉर्वेच्या गोष्टींतल्या क्राकेन या समुद्री राक्षसाचंही तसंच झालं. या गोष्टींमागे बहुधा महाकाय माखली असावी; तिला १८५७ साली स्टीनस्ट्रुप या डॅनिश शास्त्रज्ञानं शास्त्रीय नाव दिलं, पण जहाज गिळणारा राक्षस चित्रांतून गेला नाही. जहाजावर शीळ घातली तर वादळ उठतं, अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी मारला तर अरिष्ट येतं, या समजुतीही टिकल्या.

मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमननं १९०७ साली रेशमी जाळीतून छापण्याचं, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगचं पेटंट घेतलं. या तंत्रात प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून चित्रकार मोजकेच रंग घेतो आणि ते सपाट, गडद उतरतात. काळं पाणी, पांढरं शीड, एखादा लाल डोळा. भयाच्या चित्राला एवढं पुरतं.

भंडारा-गोंदियाकडे स्क्रीन प्रिंटिंग म्हटलं की लग्नपत्रिका आठवते. ताणलेल्या जाळीवर शाई ओतायची, रबरी पट्टी एकदा ओढायची, की गणपती आणि वधूवरांची नावं कागदावर. हेच हात पाण्याच्या गोष्टीही छापू शकतात, कारण समुद्र नसला तरी वैनगंगा आहे, तलाव आहेत आणि डोंग्यातून जाळं टाकणारे ढिवर आहेत. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. लोकांनी त्याला कोलासूर देव केलं. भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. बांध घालताना त्यांनी त्याला साथ दिली, अशी श्रद्धा आहे. महाराष्ट्रात इतरत्रही पाण्याकाठी साती आसरांचे शेंदूर फासलेले सात दगड पुजले जातात.

नवेगावच्या या गोष्टीवर कुणी प्रिंट काढली तर शेंदरी आणि काळा, दोन फ्रेम बस झाल्या. बहिणींना मात्र नाकडोळे काढू नयेत. लोकांनी त्यांना टेकड्यांच्या रूपात मानलं आहे, तशाच त्या छापाव्यात.