लॅपटॉप चालू होईना: बटण दाबल्यावर आत काय घडतं

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन "लॅपटॉप चालू होत नाहीये" म्हणालात, की काउंटरवरचा टेक्निशियन हमखास विचारतो, "लाइट येते का?" प्रश्न साधा वाटतो, पण निम्मं निदान त्यातच होतं. काहीच हालचाल नसेल तर पावतीवर "डेड" असं लिहिलं जातं. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, तर "नो डिस्प्ले". चालू होऊन लगेच बंद पडतो, तर "ऑटो ऑफ". आणि एक प्रकार असा, जो माझ्या मते माणसाला सगळ्यांत जास्त छळतो: कधी पहिल्याच दाबाला चालू, कधी पाचव्यांदा, कधी अर्धा तास ढिम्म आणि मग आपोआप ठीक. आपण या सगळ्यांना एकाच वाक्यात गुंडाळतो. आत मात्र ती वेगवेगळ्या ठिकाणची दुखणी असतात.

लॅपटॉपचं बटण म्हणजे दारावरची बेल. बेल वाजवली म्हणून दार उघडत नाही. ते उघडायचं की नाही, हे आतला माणूस ठरवतो. इथे हा आतला म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर, दुकानातल्या भाषेत ईसी. ही एक छोटीशी चिप असते आणि मुख्य प्रोसेसर बंद असतानाही ती जागी असते. बॅटरी किंवा चार्जर यांपैकी एक जरी जोडलेला असला, तरी ३.३ आणि ५ व्होल्टचे दोन पुरवठे बोर्डावर कायम हजर असतात आणि ईसी त्यातल्या थोड्याशा विजेवर जगते. चार्जिंग, पंखा, झाकण, तापमान या सगळ्यांवर तिची नजर असते. बटणाचा इशारा मिळाला की ती आधी पाहते, पुरेशी वीज आहे का, काही धोका नाही ना. मगच पुढची साखळी सुरू होते.

ही साखळी बघण्यासारखी आहे. चार्जरमधून येतात १९ किंवा २० व्होल्ट, पण आतल्या प्रत्येक भागाची गरज निराळी. रॅम डीडीआर४ पिढीची असेल तर १.२ व्होल्ट, त्यानंतरच्या डीडीआर५ ची असेल तर १.१. प्रोसेसरच्या गाभ्याला जेमतेम १ व्होल्टच्या आसपास, मात्र कामाचा भार आला की प्रवाह ३०-४० अँपिअरपर्यंत चढतो. घरातल्या गिझरला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह, नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याला. हे सगळे पुरवठे एकदम सुरू करून चालत नाही. ठरलेल्या क्रमाने एकेक सुरू होतो, "माझं व्होल्टेज स्थिर झालं" असा संकेत देतो आणि तो मिळाल्यावरच पुढच्याला परवानगी मिळते. सगळे संकेत आले की प्रोसेसरला रोखून धरणारा रीसेट उठतो, प्रोसेसर बायॉसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमच्या) चिपमधली पहिली सूचना वाचतो, रॅम शोधतो आणि शेवटी स्क्रीनवर कंपनीचं बोधचिन्ह उमटतं. मधला एक जरी संकेत आला नाही, तर सगळं तिथेच थांबतं. म्हणून बघणाऱ्याने नेमकं एवढंच बघायचं, की गाडी कुठवर गेली होती.

सुरुवात चार्जरपासून करावी, कारण तो बदलून बघणं सगळ्यांत स्वस्त. पण त्यात एक फसगत आहे. मल्टिमीटर लावला, १९ व्होल्ट दाखवले, म्हणजे चार्जर चांगला असं बरेच जण धरून चालतात. ते आकडे बिनओझ्याचे असतात. चार्जरच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे भाग असतात. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू सुकत जातो. असा चार्जर रिकामा असताना व्होल्टेज झकास दाखवतो, पण लॅपटॉप सुरू होण्याच्या क्षणी पंखा, प्रोसेसर, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) एकदम वीज मागतात आणि व्होल्टेज कोसळतं. ईसी ते पाहून सगळं बंद करते. दिवा लागला, पंखा एकदा गर्र फिरला आणि सगळं थंड, हे चित्र बहुतेकदा असंच घडतं. म्हाताऱ्या बॅटरीचंही तेच. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे ३० टक्के चार्ज दिसत असतानाही भार पडताच लॅपटॉप मान टाकतो, आणि चार्जर लावला की व्यवस्थित चालतो.

दुसऱ्याचा चार्जर लावून बघताना व्होल्ट तेच हवेत. वॅट सारखे किंवा जास्त असले तरी चालतात. १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, हा गुणाकार चार्जरच्या लेबलवरच्या आकड्यांवरून कुणालाही करता येतो. ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला ४५ वॅटचा चार्जर लावला, तर काही लॅपटॉप सावकाश चार्ज होतात, काही साफ नकार देतात. काही कंपन्यांच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून चार्जर स्वतःची ओळख सांगतो. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. टाइप-सी असेल तर आधी ५ व्होल्टवर दोन्ही बाजूंचं बोलणं होतं, मग ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतात. मोबाइलचा छोटा चार्जर इथे कमी पडतो. केबलसुद्धा बघायला हवी: साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त हवे असतील तर ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते.

आता तो प्रसिद्ध उपाय: चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण यामागे पक्कं कारण आहे. ईसी कधीच बंद होत नाही, हे वर आलंच. व्होल्टेजच्या एखाद्या झटक्याने किंवा झोपेतून उठताना झालेल्या गोंधळाने तिचा प्रोग्रॅम कुठेतरी अडकला, तर तो दिवसचे दिवस अडकलेलाच राहतो, कारण बॅटरी तिला वीज देतच असते. वीज तोडून बटण दाबून धरलं की बोर्डावरच्या कपॅसिटरांमधली उरलीसुरली वीज निघून जाते, ईसी खरोखर बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बॅटरी आत बसवलेली असेल, तर बऱ्याच मॉडेलांत नुसतं बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरलं तरी ईसी स्वतःला रीसेट करते. याच्या जोडीला विंडोजचीही एक खोड माहीत असावी. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. त्यामुळे 'शट डाउन' केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. गडबडलेला ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्यासोबतच परत येतो. पूर्ण नव्याने सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' करावं.

दिवा, पंखा आहे पण स्क्रीन काळी असेल, तर संशय आधी रॅमवर. तिच्या पट्टीवर डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२ सोनेरी संपर्क असतात; त्यातल्या एखाद्यावर धूळ-ओलाव्याचा पापुद्रा बसला तरी पुरतं. पट्टी काढून, संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नीट टक आवाज येईपर्यंत बसवणं हे घरी जमण्यासारखं काम आहे. फक्त आधी चार्जर काढायचा आणि आतल्या बॅटरीची जोडणी सोडवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. डीडीआर५ बाबत थोडा धीर धरा. रॅम बदलल्यावर किंवा वीज पूर्ण तुटल्यावर यंत्र प्रत्येक तारेवरच्या संकेतांची वेळ नव्याने जुळवतं, याला ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते आणि लोक नेमके त्याच वेळी घाबरून बटण दाबतात. दिव्यांची उघडझापही मोजा. डेलच्या अनेक मॉडेलांत दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडली नाही. हे संकेत प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.

कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेला लॅपटॉप वेगळ्या कारणाने रुसतो. लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टचा असतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की काळजी सुरू होते आणि बराच खाली गेला तर आतलं तांबं विरघळायला लागतं. असा सेल घाईने भरणं धोक्याचं, म्हणून चार्जिंगचं सर्किट सुरुवातीला नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच प्रवाह देतं. अशा वेळी लॅपटॉप मेलेला दिसतो, पण चार्जर लावून तास-दीड तास सोडला तर बऱ्याचदा उठतो. टचपॅड वर आला असेल किंवा बूड फुगलं असेल, तर मात्र चार्जर लावूच नका. आत वायू धरलेली बॅटरी आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, सरळ दुकानात न्यायची.

आता त्या छळणाऱ्या प्रकाराकडे येऊ. "थंड असताना चालू होत नाही, गरम झाल्यावर होतो" किंवा नेमकं उलटं, असं कुणी सांगितलं की जुने टेक्निशियन सोल्डरच्या सांध्यांकडे बघतात. मोठ्या चिपखाली सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात. चिप आणि बोर्ड उष्णतेने सारखे फुगत नाहीत, त्यामुळे रोजच्या गरम-थंड होण्याने या सांध्यांना बारीक तडे जातात. तडा तापमानानुसार मिटतो किंवा उघडतो, आणि लॅपटॉपची मर्जी फिरल्यासारखी वाटते. १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले आणि जगभर बिनशिशाचं सोल्डर रूढ झालं. शिसं-कथिलाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, नवं २१७ च्या आसपास आणि ते थोडं कडकही असतं. २००८ च्या जुलैमध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. तिथे दुबळा दुवा बोर्डावरच्या सांध्यात नव्हता, तो होता चिपच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये, म्हणजे सिलिकॉन ज्यात बसवलेलं असतं त्या आवरणात. अशा चिपला हॉट एअर गनने शेक दिला की तडा तात्पुरता जुळतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. काही आठवड्यांत तीच तक्रार परत. कुणी "हीट दिली, चालू झाला" म्हणालं, तर हमी किती दिवसांची हे विचारा आणि त्या दिवसांत आधी आपल्या फाइली बाहेर काढा.

पूर्ण डेड बोर्डावर काम चालताना बघण्याची संधी मिळाली तर सोडू नका. बोर्डावर १ मिलिमीटर लांबीचे, तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर शेकड्यांनी असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला, तर त्या पुरवठ्याची सगळी वीज तिथून सरळ ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूला) जाते आणि साखळी थांबते. शेकडोंतून तो एक शोधायचा कसा? टेक्निशियन त्या पुरवठ्यावर बाहेरून १ व्होल्ट सोडतो आणि बोर्डावर अल्कोहोल ओततो. सगळा भाग ओला चकचकीत दिसतो, आणि काही सेकंदांत एका ठिपक्याएवढ्या जागेवरचा ओलावा आधी उडतो. तापलेला, म्हणजेच शॉर्ट झालेला कपॅसिटर तोच. तो उपटून काढला की कित्येकदा बोर्ड सुरू होतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे अशा दुखण्यांचे महिने. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या आसपास. एसी ऑफिसमध्ये २२ अंशांना थंड झालेला लॅपटॉप बाहेर येऊन लगेच उघडला, तर त्याच्यावर बाष्प जमतं, चष्म्यावर जमतं तसंच. बॅगेतच अर्धा तास राहू दिला, तर तो हळूहळू कोमट होतो आणि हे टळतं. ओलाव्यात धुळीतले आणि खाऱ्या हवेतले क्षार विरघळले, की शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये व्होल्टेजच्या ओढीने धातूचे आयन सरकू लागतात आणि झाडाच्या फांदीसारखा धातूचा बारीक धागा वाढत जातो. तो पलीकडे पोचला की शॉर्ट.

चहा-पाणी सांडल्यावर हेच फार वेगाने घडतं, आणि त्याला लागते ती फक्त वीज. म्हणून पहिल्या काही सेकंदांत चार्जर ओढून काढा, बटण दाबून धरून यंत्र बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि उलटं ठेवा. तासाभराने "बघू तरी चालू होतोय का" म्हणून बटण दाबू नका. निम्मे बोर्ड मला वाटतं या उत्सुकतेनेच जातात. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही; तांदूळ चहातली साखर आणि क्षार बोर्डावरून उचलत नाही. बोर्ड उघडून अल्कोहोलने धुवावाच लागतो, आणि तो जितक्या लवकर धुतला जाईल तितका वाचतो.

बोर्ड गेला तरी फाइली गेल्या असं नाही. एसएसडी सुटी असेल तर ती काढून पंधरा मिनिटांत दुसऱ्या संगणकाला यूएसबी डबीतून जोडता येते. मॅकबुकसारख्या काही यंत्रांत ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. तिथे बॅकअपला पर्याय नाही. विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर किंवा तसंच कुलूप आपोआप लागलेलं असतं, आणि सुटी काढलेली डिस्क ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय उघडत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप आज चालू असेल, तर आजच ती शोधून कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत लावा.