ऑपरेशन लखनौला, वर्ग नंदुरबारला

फाइव्ह-जी आल्यापासून आमच्या खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो. आता म्हणे अमेरिकेतला सर्जन घरी बसून धडगावच्या पेशंटचं ऑपरेशन करणार. खाली तिरंगे आणि जोडलेले हात. पाठवणाऱ्याला एवढंच सांगावंसं वाटतं की भाऊ, ही बातमी जुनी आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को या फ्रेंच सर्जनने न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईचं पित्ताशय रोबोटच्या हातांनी काढलं. त्या दिवशी वापरलेली लाइन होती १० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिटची. आज धुळ्याच्या बसस्टँडवर उभं राहून मोबाईलवर स्पीड टेस्ट केली तरी याहून मोठा आकडा दिसतो.

मग ते ऑपरेशन झालं कसं? लाइन छोटी होती, पण त्या कामासाठी राखून ठेवलेली होती. अटलांटिकखालून जाणाऱ्या त्या फायबरवर दुसऱ्या कुणाचं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, मध्ये घुसणार नव्हतं. सर्जनने हात हलवला की त्याचं चित्र परत यायला सुमारे १५५ मिलिसेकंद लागत, आणि महत्त्वाचं म्हणजे ते जवळपास दर वेळी तेवढेच लागत. स्पीड टेस्टमध्ये नेमकं हेच कळत नाही. ती जवळच्या एखाद्या सर्व्हरवरून काही सेकंद डेटा ओढते आणि आकडा दाखवते. एक पॅकेट २० मिलिसेकंदांत आलं आणि पुढचं २०० मध्ये, याला जिटर म्हणतात. तो आकडा असलाच तर कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, आणि तो कुणी वाचत नाही.

दूरून ऑपरेशन करणं ही चैन आहे. त्याहून कितीतरी उपयोगाची आणि कमी गाजलेली गोष्ट म्हणजे दूरून ऑपरेशन शिकवणं. देशात आज सातशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं, नंदुरबारचं त्याहूनही अलीकडचं. नव्या कॉलेजला इमारत मिळते, खाटा मिळतात, पण एखाद्या अवघड शस्त्रक्रियेत हात बसलेला प्राध्यापक मिळायला वेळ लागतो. तो लखनौला किंवा मुंबईला असतो. त्याला सगळीकडे नेता येत नाही, त्याच्या टेबलावरचं चित्र मात्र नेता येतं.

त्यासाठी जगभरात सार्वजनिक इंटरनेटपासून वेगळी, संशोधन आणि शिक्षणापुरती जाळी उभी आहेत. अमेरिकेत १९९६ साली ३४ विद्यापीठांनी इंटरनेट-टू सुरू केलं. युरोपात जेआँ आहे, आणि आशियातल्या देशांना एकमेकांशी आणि युरोपशी जोडणारं टीन. आपल्याकडे राष्ट्रीय ज्ञान जाळं, म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्क, ज्याला केंद्र सरकारने २०१० साली मंजुरी दिली. त्याच्या आधाराने वैद्यकीय महाविद्यालयांचं एक जाळं विणलं गेलं. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे, आपल्या बाजूला मुंबईचं केईएम. या जाळ्यांच्या मुख्य तारा मुद्दाम गरजेपेक्षा रुंद ठेवतात. बहुतेक वेळ त्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या असतात आणि ते हिशेबानेच केलेलं असतं. तार भरत आली की राउटरपाशी, म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रापाशी, रांग लागते, रांगेतून जिटर येतो, आणि रांग फारच वाढली की पॅकेटं टाकून दिली जातात.

टाकलेल्या पॅकेटचं काय होतं ते बघा. साधा एचडी व्हिडिओ म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे फ्रेम. गुणाकार केला तर सव्वा गिगाबिट प्रतिसेकंद. एवढं कुणी पाठवत नाही. नेहमीच्या पद्धतीत एक चौकट पूर्ण पाठवतात आणि पुढच्या चौकटींत फक्त बदल पाठवतात. व्हिडिओ दोनशे-तीनशे पटींनी आकसतो. पण मधलं एक पॅकेट हरवलं की त्यानंतरचे सगळे बदल चुकीच्या चित्रावर चढत जातात, आणि पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत पडद्यावर लगदा दिसतो. मालिका बघताना चालतं. सर्जन पित्तनलिका आणि धमनी वेगळी करून दाखवतोय, नेमक्या त्या दोन सेकंदांत लगदा झाला तर तासाचा तास वाया.

जपानमधल्या फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठाने २००३ पासून कोरियाशी, आणि मग आशियाभर, शस्त्रक्रियांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा त्यांनी डीव्हीटीएस नावाची पद्धत वापरली. तिच्यात प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. पॅकेट हरवलं तर सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्यापुरती एक पट्टी खराब होते, पुढची चौकट स्वच्छ. किंमत म्हणजे एका प्रवाहाला सुमारे ३० एमबीपीएस. संशोधन जाळ्यावर ती परवडते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. ३० एमबीपीएसचा एक प्रवाह सातशे कॉलेजांना पाठवायचा. नेहमीच्या इंटरनेटच्या रीतीने लखनौचा सर्व्हर प्रत्येक कॉलेजला वेगळी प्रत पाठवेल. म्हणजे दाराशीच २१,००० एमबीपीएस. त्यातल्या कित्येक प्रती एकाच तारेतून, एकामागे एक, तंतोतंत सारख्या, महाराष्ट्राकडे येतील. हा मूर्खपणा स्टीव्ह डीरिंग या संशोधकाच्या डोळ्यांत खुपला आणि त्याने मल्टिकास्ट मांडलं. १९८९ साली त्याचं प्रमाणित रूप आलं. पाठवणारा एकच प्रत सोडतो. रस्त्याला जिथे फाटा फुटतो तिथला राउटर तिची नक्कल काढतो. लखनौमधून ३० एमबीपीएस निघतात आणि वाटेतल्या कुठल्याही एका तारेवर ३० एमबीपीएसच असतात, ऐकणारे सात असोत की सातशे.

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी शेतांना पाणी द्यायची फड पद्धत आहे, तिच्यात बंधाऱ्यापासून एक पाट निघतो आणि त्याला चाऱ्या फुटत फुटत पाणी फडाफडाला जातं, तसंच हे. फरक एवढाच की पाण्याचे भाग पडतात, वरच्या फडाने जास्त घेतलं की खालच्याची भांडणं सुरू. इथे प्रत्येक चारीत पूर्ण पाट वाहतो.

पण चारी उघडायची कुणी? या योजनेत पाठवणाऱ्याला श्रोत्यांची यादीच ठाऊक नसते. तो पॅकेट एका गटाच्या पत्त्यावर पाठवतो. २२४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपासून २३९ च्या पत्त्यांपर्यंतचा पट्टा अशा गटांसाठी राखीव आहे. ते कुठल्याच यंत्राचे पत्ते नाहीत. नंदुरबारच्या सभागृहातला संगणक शेजारच्या राउटरला आयजीएमपी नावाच्या छोट्या निरोपाने कळवतो की मला हा गट हवाय. तो राउटर लखनौच्या दिशेच्या राउटरला तेच सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. वाटेत असा राउटर लागला की ज्याच्याकडे तो प्रवाह आधीच येतोय, उदाहरणार्थ धुळ्यासाठी, की निरोप तिथेच थांबतो. नवी फांदी तिथून फुटते. लखनौला पत्ताही लागत नाही. म्हणजे हे झाड पानांकडून खोडाकडे वाढतं.

इथे थोडं सावकाश वाचा. जाळ्यात वर्तुळाकार रस्ते असतात. मुंबई-नागपूर-दिल्ली-मुंबई असा फेरा धरला आणि तिन्ही राउटर नकला काढू लागले, तर एकच पॅकेट गरगर फिरत वाढत जाईल आणि मिनिटाच्या आत जाळं बसेल. ते टाळायला राउटर उलटा प्रश्न विचारतो. आलेल्या पॅकेटवर मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. राउटर बघतो, मला स्वतःला त्या पत्त्यावर काही पाठवायचं असतं तर मी कुठल्या दाराने, म्हणजे मला जोडलेल्या कुठल्या तारेने, पाठवलं असतं? पॅकेट त्याच दाराने आलं असेल तर घ्यायचं आणि नकला काढायच्या. दुसऱ्या दाराने आलं असेल तर ते फेरा मारून आलंय, फेकून द्यायचं. झालं. झाडाचा संपूर्ण नकाशा कुणाकडे नाही, वरिष्ठ नियंत्रक नाही, प्रत्येक राउटर फक्त आपल्या दारांपुरतं बघतो, आणि अख्खं झाड बिनफेऱ्याचं राहतं. मला ही युक्ती भारी आवडते.

एवढं चांगलं आहे तर मोबाईलवर का नाही? कारण प्रत्येक राउटरला प्रत्येक गटाची आठवण ठेवावी लागते, आणि कोट्यवधी गट झाले तर त्याची स्मृती संपते. शिवाय एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्याच्या जाळ्यात गेलेल्या एका प्रतीच्या तिकडे हजार झाल्या, तर बिल कुणाला? म्हणून खुल्या इंटरनेटने दुसरा मार्ग धरला. गावोगावी व्हिडिओच्या प्रती साठवून ठेवायच्या आणि थेट प्रक्षेपणही अर्धा मिनिट उशिरा दाखवायचं. क्रिकेटला ते पुरतं. वर्गात विद्यार्थी प्रश्न विचारतात. बोलणं सहज चालायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. धुळ्याहून फुकुओका सरळ रेषेत साडेपाच हजार किलोमीटरच्या वर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे २८ मिलिसेकंद. तारा वळसे घेत जातात, दुप्पट धरा. तरी मर्यादेच्या आतच.

शिवाय मल्टिकास्टमध्ये पाठवणारा मोठ्या शहरातलाच हवा असं कुठे आहे? सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. सांधे ठणकतात, आणि आजही कुणी ते बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवायला नेतं, त्यात मोलाचा दिवस जातो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी दाखवणं, वेदनेचा झटका आलेल्या मुलाला कसं हाताळायचं ते दाखवणं, हा तास नंदुरबारहून निघायला हवा आणि पुण्या-मुंबईने गटात नाव घालावं.

फक्त शेवटचे शंभर मीटर सांभाळा. कॉलेजातल्या संगणकांच्या केबल जोडणारा नेटवर्क स्विच साधा घेतला आणि त्यात आयजीएमपी ऐकण्याची सोय नसली, तर तो ३० एमबीपीएस कॉलेजच्या प्रत्येक खोलीत ओततो, लेखा विभागाच्या संगणकातही. आणि वायफायवर तर मल्टिकास्ट सहसा सर्वांत संथ दराने जातं, कारण राउटरला सगळ्यात लांबच्या उपकरणाचाही विचार करावा लागतो, शिवाय हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही. लखनौहून स्वच्छ आलेलं चित्र सभागृहाच्या दारात येऊन तुटतं आणि दोष जाळ्याला लागतो. प्रोजेक्टरच्या संगणकाला सरळ केबल जोडा.