एक्स-रे वाकडा दिसला म्हणून

पोर पडतं ते हात टेकवूनच, आणि मोडतं ते बहुतेकदा मनगटाच्या जरा वर. प्लास्टरनंतरच्या एक्स-रेत हाड अजून थोडं वाकडंच दिसलं की आईबाबांचा प्रश्न ठरलेला: ‘ऑपरेशन करून सरळच का करत नाही?’

मोठ्या माणसाचं हाड असतं तर कदाचित तेच केलं असतं. पण मुलांचं हाड वाढत असतं. मनगटापर्यंत येणाऱ्या रेडियस हाडाची ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाजवळच्या वृद्धिपट्टीतून होते. त्या पट्टीशेजारचा बाक वाढीबरोबर भरून येतो: आतल्या बाजूला, जिथे दाब पडतो, तिथे नवं हाड साचतं आणि बाहेरचा उंचवटा झिजतो. दाबाप्रमाणे हाड घडतं हे ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२मध्येच मांडलं होतं. सात-आठ वर्षांच्या मुलीचा मनगटाजवळचा पंधरा अंशांचा बाक दोनेक वर्षांनी शोधूनही सापडत नाही.

नुसती घडी पडलेल्या हाडाला तर प्लास्टरही लागत नाही. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर झालेल्या ‘फोर्स’ चाचणीत (२०२२) साधं बँडेज बांधलेल्या मुलांना कडक आधार दिलेल्या मुलांपेक्षा जास्त दुखलं नाही.

मात्र चौदा वर्षांच्या मुलाची कोपर ते मनगटातली दोन्ही हाडं, रेडियस आणि अल्ना, मधोमध मोडली, तर वाढीवर भिस्त ठेवता येत नाही; वाढच थोडी उरलेली असते. आणि पीळ पडला तर तो कोणत्याच वयात सुटत नाही. रेडियस अल्नाभोवती फिरतं तेव्हा तळवा वर होतो. पीळ राहिला तर प्रसादासाठी हात पुढे केला तरी तळवा तिरकाच. अशा वेळी, किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर, ऑपरेशन टाळू नये. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरात विकसित झालेल्या लवचीक सळया लहानशा छेदातून हाडाच्या आत जातात. त्या पुढे काढाव्या लागतात, म्हणजे पुन्हा भूल. हा हिशेब आधीच विचारून घ्यावा.

प्लास्टरवर भागलं तरी पहिल्या दोन आठवड्यांतले एक्स-रे चुकवू नयेत. सूज उतरते, प्लास्टर सैल होतं, हाड सरकतं. हाडवैद्याच्या करकचून बांधलेल्या पट्ट्यांचा धोका उलटा: रक्तपुरवठाच तुटू शकतो. प्लास्टर असो वा पट्टी, दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर झाली किंवा कुणी ती सरळ करताच मूल किंचाळलं, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.