आधी कोण मारणार? ‘रेडी गोल्फ’ची पार्श्वभूमी

नवख्या गोल्फरला पहिल्याच रविवारी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, ‘थांबा, तुमची पाळी नाही.’ दुसरी, ‘मारा की, कोणाची वाट बघताय?’ दोन्ही एकाच फोरबॉलमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या चौघांत, कधी कधी एकाच माणसाकडून. त्यात सांगणाऱ्याची चूक नाही. पाळी आणि वेग हे दोन आग्रह वेगवेगळ्या काळांतून आलेत.

पाळी जुनी. स्कॉटलंडमधल्या लीथला १७४४ साली तेरा नियम लिहिले गेले, त्यातला बारावा हाच: ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत लांब, त्याने आधी मारायचं. खेळ तेव्हा मॅच प्लेचा, माणसासमोर माणूस. समोरच्याचा चेंडू कुठे पडला हे बघून आपण किती धाडस करायचं ते ठरायचं, म्हणून क्रमाला किंमत होती. पुढे स्ट्रोक प्ले रुळला, हिशेब स्वतःच्या फटक्यांचा झाला, तरी पाळी अदब म्हणून टिकली.

अदबीच्या नावाखाली बरंच काही टिकलं होतं. २००४ पर्यंत नियमपुस्तकातल्या शिष्टाचाराच्या प्रकरणात एकट्याने खेळणाऱ्याला मैदानावर काही स्थानच नव्हतं. तो कितीही भरभर खेळो. त्यानंतर कोणी कोणाला पुढे जाऊ द्यायचं ते वेगावर ठरू लागलं.

खरा बदल २०१९ चा. चौतीस नियमांचे चोवीस झाले. हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीन मिनिटं. पट करताना, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून (ग्रीनवरून) चेंडू होलकडे ढकलताना, झेंडा होलमध्येच ठेवायची मुभा. एका फटक्याला चाळीस सेकंद पुरे, अशी शिफारस. आणि स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार आहे त्याने, कोणाला धोका नसेल तर, पाळी सोडून खुशाल मारावं.

हाच तो ‘रेडी गोल्फ’, आणि गैरसमजही इथलाच. लोक त्याचा अर्थ घाई असा घेतात. जरा हिशेब करा. नवखा माणूस फेरीत एकशे दहा फटके मारतो असं धरू. चौघांचे झाले चारशे चाळीस. प्रत्येकाने पाळीची वाट पाहून, मग ग्लोव्ह चढवून, मग क्लब (मारायची काठी) निवडून पूर्ण चाळीस सेकंद घेतले, तर चार तास त्रेपन्न मिनिटं नुसत्या फटक्यांत जातात. चालणं वेगळंच. दुसरा मारत असताना आपला क्लब हातात असावा, एवढंच मागणं आहे. स्विंग हवा तेवढा सावकाश करा.

संथपणाचं खापर मात्र नवख्यांवरच फुटतं. २०१३ साली अमेरिकेतल्या ऑगस्टा इथल्या मास्टर्स स्पर्धेत एका चौदा वर्षांच्या हौशी चिनी मुलाला संथ खेळासाठी एका फटक्याचा दंड झाला. नियमाने दंड बरोबरच होता. पण ‘पीजीए टूर’ या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेच्या स्वतःच्या स्पर्धांत १९९५ नंतर तोवर एकाही व्यावसायिकाला असा दंड झालेला नव्हता, आणि पटआधी चेंडूची वाट जोखत चारी बाजूंनी फेऱ्या मारणारे तर टीव्हीवर दर आठवड्याला दिसत होते. आमचे लोक ग्रीनवर उकिडवे बसायला तिथूनच शिकले. मागे कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा मदतनीस, हळूच सांगतो, ‘साहेब, मागचे थांबलेत.’

मॅच प्लेमध्ये मात्र लीथचा बारावा नियम अजून जिवंत आहे. आधी ठरलेलं नसताना पाळी सोडून मारलंत, तर समोरचा तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. फटका चांगला बसला असेल तर लावतोच.