ब्रूनो बोत्सेत्तो

बोत्सेत्तो, ब्रूनो (जन्म : 3 मार्च 1938, मिलान). इटालियन ॲनिमेशनकार आणि चित्रपट-दिग्दर्शक. शहरी माणसाची हाव, घाई आणि सुखामागची त्याची धावपळ यांची टर उडवण्यात त्यांची सारी कारकीर्द गेली. ‘बोत्सेत्तो’ या इटालियन शब्दाचा अर्थ कच्चे रेखाटन. चार रेघांत माणूस उभा करणाऱ्याला याहून नेमके आडनाव मिळणे कठीण.

विसाव्या वर्षी, 1958 मध्ये, त्यांनी ‘तापुम!’ हा लघुपट केला. गुहेतल्या माणसाच्या हातातील दगडापासून अणुबॉम्बपर्यंत शस्त्रांचा इतिहास त्यात हसत-खिदळत सांगितला आहे. फ्रान्समधील कान चित्रपट-महोत्सवात तो दाखवला गेला आणि कॅनडाचे नामवंत ॲनिमेशनकार नॉर्मन मॅक्लारेन यांनी त्याची वाखाणणी केली. 1960 मध्ये बोत्सेत्तो यांनी मिलानमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला.

त्या काळी इटलीत पैसा खुळखुळू लागला होता. 1957 मध्ये छोटी फियात 500 बाजारात आली, 1964 मध्ये मिलान ते नेपल्स हा महामार्ग पुरा झाला. पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर न पडलेली कुटुंबे गाडीच्या टपावर गाद्या बांधून समुद्रावर निघाली. 1957 ते 1977 या वर्षांत सरकारी दूरचित्रवाणीवर रात्री ‘कारोसेल्लो’ हा जाहिरातींचा कार्यक्रम लागे. त्याचा नियम मोठा मजेदार होता : आधी छोटीशी गोष्ट सांगायची, मालाचे नाव घ्यायचे ते शेवटी. ‘कारोसेल्लो संपले, आता झोपा’ हे मुलांना घराघरांतून ऐकावे लागे. मिनिट-दीड मिनिटात गोष्ट उभी करून संपवण्याची सवय मिलानच्या ॲनिमेशनवाल्यांच्या हाताला लागली ती इथेच. बोत्सेत्तो यांच्या स्टुडिओनेही अशा पुष्कळ जाहिराती केल्या. बाजाराची टवाळी करायची आणि स्टुडिओ चालवायला पैसे बाजाराकडूनच घ्यायचे, ही विसंगती खरी. पण त्यांच्या विनोदात उपदेशाचा सूर क्वचित लागतो, त्याचे एक कारण हेही असावे. दुकान आतून पाहिलेला माणूस दुकानदाराला राक्षस ठरवत नाही. तो गिऱ्हाइकाकडेही बोट दाखवतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे सिन्योर रॉसी. आपल्याकडे जोशी-पाटील तसे इटलीत रॉसी. हे नाव घेतले की चारचौघांतला कोणीही डोळ्यांपुढे यावा. बुटका, मध्यमवयीन, मिशाळ, डोक्यावर हॅट आणि नाकावर राग. एका महोत्सवाने आपला लघुपट नाकारला, त्या चिडीतून बोत्सेत्तो यांना हे पात्र सुचले. 1960 च्या पहिल्या लघुपटात रॉसी स्वतःच सिनेमा काढतो आणि पारितोषिकाच्या मागे लागतो. पुढे तो बर्फावर घसरायला गेला, समुद्रावर गेला, मोटार घेऊन बसला, तंबू ठोकून राहिला, आफ्रिकेत जनावरांचे फोटो काढायला गेला, व्हेनिसलाही जाऊन आला. 1974 पर्यंत असे सात लघुपट झाले. त्यानंतर सुखाच्या शोधात निघालेल्या रॉसीला दूरचित्रवाणी आणि मोठ्या पडद्यावरही जागा मिळाली. प्रत्येक वेळी मूळ कल्पना तीच. सगळे जातात म्हणून आपणही जायचे, सगळ्यांना नेमके त्याच दिवशी निघायचे असते, आणि निवांतपणा शोधायला गेलेला माणूस घरच्यापेक्षा मोठ्या गर्दीत चेंगरतो. मराठी वाचकाला इथे आर. के. लक्ष्मण यांचा धोतर-कोटातला सामान्य माणूस आठवेल, पण दोघांत फरक आहे. लक्ष्मण यांचा माणूस मुकाट बघतो, त्याच्यावर अन्याय होतो आणि आपण हळहळतो. रॉसी बघ्या नव्हे. रांग मोडणारा तोच, हॉर्न वाजवणाराही तोच. तो फसतो तेव्हा हसू येते आणि त्याबरोबर थोडी लाजही वाटते.

1965 मध्ये ‘वेस्ट अँड सोडा’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. काउबॉयपटांची ही यथेच्छ थट्टा. 1949 नंतर इटलीत इतक्या लांबीचा ॲनिमेशनपट झाला नव्हता. पुढचा ‘व्हिप, माझा भाऊ सुपरमॅन’ (1968) त्याहून तिखट आहे. यात महामानवांच्या घराण्यातील दोन भाऊ आहेत : एक पिळदार देहाचा सुपरव्हिप, दुसरा चष्मा लावणारा काटकुळा मिनिव्हिप, ज्याला उडता येते ते जमिनीपासून जेमतेम हातभर वर. खलनायिका हॅपी बेट्टी ही सुपरमार्केटांची मालकीण. लोकांच्या मेंदूत इवली क्षेपणास्त्रे घुसवून त्यांना हुकमी खरेदीदार बनवायचे, असा तिचा बेत. 1968 मध्ये ही कल्पना वात्रटपणा म्हणून खपली. हातात फोन घेऊन बसलेल्या आजच्या प्रेक्षकाला ती तेवढी वात्रट वाटत नाही.

त्यांची खरी कीर्ती ‘अल्लेग्रो नॉन त्रोप्पो’ (1976) या चित्रपटावर उभी आहे. नाव संगीतातील सूचनेवरून घेतलेले : जलद, पण फार नको. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ (1940) या अभिजात संगीतावर बेतलेल्या ॲनिमेशनपटाला ही विडंबनवजा सलामी. अभिजात संगीताच्या सहा रचनांवर सहा कथा, आणि मधूनमधून कृष्णधवल चित्रण, ज्यात म्हाताऱ्या बायकांचा वाद्यवृंद आणि राबवला जाणारा एक ॲनिमेशनवाला (माउरित्सियो निकेत्ती) दिसतो. द्व्होर्झाकच्या नृत्यसंगीतावर गुहेतला एक माणूस बाहेर पडून घर बांधतो, तर बाकीचे लगेच त्याची नक्कल करतात. तो जे जे करील ते ते ते करतात. स्त्राविन्स्कीच्या संगीतावर आदम आणि इव्ह सफरचंदाला नकार देतात, म्हणून सापच ते गिळतो आणि जाहिराती, वस्तू व दिव्यांच्या दुःस्वप्नात सापडतो. सिबेलियसच्या वॉल्ट्‌झवरची उद्ध्वस्त घरातील मांजराची कथा विनोदी नाही, आणि कित्येकांना चित्रपटातील तेवढीच जन्मभर आठवते.

सर्वांत गाजला तो राव्हेलच्या ‘बोलेरो’वरचा भाग. परग्रहावर आलेले यान निघून जाते, मागे शीतपेयाची बाटली राहते. तळाशी उरलेला काळपट द्रव हलू लागतो, फुगतो, बाटलीच्या तोंडातून बाहेर ओघळतो, आणि त्यातून डोळे, पाय, शेपट्या फुटत जातात. ‘बोलेरो’त एकच ताल पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो, फक्त वाद्ये वाढत जातात. बोत्सेत्तो यांनी प्राण्यांची मिरवणूक नेमकी तशीच रचली : पावले तीच, प्राणी वाढत जातात. त्यात एक माकड घुसते आणि काम बिघडवते. उत्क्रांतीची एवढी मोठी यात्रा कोणीतरी टाकून दिलेल्या कचऱ्यापासून सुरू झाली, हा यातला खरा चिमटा.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांपेक्षा लघुपटांत त्यांचा हात अधिक मोकळा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘सेल्फ सर्व्हिस’ (1974) मध्ये झोपलेल्या माणसाच्या अंगावर डास तेलविहिरींसारखा रक्ताचा उद्योग थाटतात. ‘मिस्टर ताओ’ला 1990 मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे ‘सुवर्ण अस्वल’ हे पारितोषिक मिळाले : एक माणूस डोंगर चढत राहतो, वाटेत देव भेटतो, दोघे बोलतात, आणि माणूस त्याला मागे टाकून वर जातो. ‘नाकतोडे’ (1990) मध्ये मानवजातीचा सारा इतिहास लढायांच्या मालिकेत उरकला आहे. एक टोळी दुसरीला कापते, मुडद्यांवर गवत उगवते, की पुढची टोळी हजर. या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. प्रत्यक्ष नट-नट्यांना घेऊन 1987 मध्ये केलेला एक चित्रपट मात्र त्यांच्या नावाशी फारसा जोडला गेला नाही.

पत्रकार पिएरो आंजेला यांच्या ‘क्वार्क’ या दूरचित्रवाणीवरील विज्ञान-कार्यक्रमासाठी (1981 पासून) त्यांनी शास्त्रीय कल्पना उलगडून सांगणारी छोटी ॲनिमेशने केली. इटलीतील एका पिढीने विज्ञानातले अवघड विषय त्यांच्या चित्रपात्रांकडून समजून घेतले.

साठी ओलांडल्यावर त्यांनी सेल्युलॉइडच्या पारदर्शक पट्ट्या बाजूला ठेवून संगणक आणि ‘फ्लॅश’ हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर हाताशी घेतले. ‘युरोप आणि इटली’ (1999) मध्ये पात्रेच नाहीत, वरून दिसणारे, आपापल्या झेंड्याच्या रंगांचे ठिपके आहेत : युरोपीय ठिपके निळे, तारकांचे; इटालियन हिरवे-पांढरे-लाल. निळे ठिपके बसच्या दारातून शिस्तीने आत जातात, तिरंगी ठिपके दाराशी एकच गर्दी करतात. निळे सगळे एकसारखी कॉफी मागतात. तिरंग्यांपैकी प्रत्येकाला वेगळी हवी.